आठ वर्षांची चाकरी, दोनशे वर्षांचा मुक्काम : मुंबईच्या ‘त्रिंकोमाली’ जहाजाचं प्रकरण

1812 सालच्या डिसेंबरात ‘जावा’ नावाचं एक ब्रिटिश लढाऊ जहाज पूर्वेकडे निघालं होतं. त्याच्या पोटात तांब्याचे पत्रे होते, मुंबईच्या गोदीत तयार होत असलेल्या ‘कॉर्नवॉलिस’ या मोठ्या युद्धनौकेचा तळ मढवायला. मुंबईच्या फौजेचा नवा सरसेनापती थॉमस हिस्लॉप जहाजावर होता. शिवाय कागदांचं एक बाड होतं. मुंबईला नव्याने बांधायच्या एका फ्रिगेटचे, म्हणजे मोठ्या युद्धनौकेहून लहान लढाऊ जहाजाचे, ते नकाशे होते.

29 डिसेंबरला ब्राझीलच्या बाहिया बंदराबाहेरच्या समुद्रात ‘जावा’ची गाठ अमेरिकेच्या ‘कॉन्स्टिट्यूशन’शी पडली. काही तासांत ‘जावा’च्या डोलकाठ्या मोडून पडल्या. कप्तान लॅम्बर्टला गोळी लागली आणि पुढे तो त्याच जखमेने गेला. जहाजाचा असा चुराडा झाला होता की लूट म्हणून अमेरिकेला ओढून नेण्यातही अर्थ नव्हता, म्हणून अमेरिकनांनी ते पेटवून दिलं. नकाशे त्यातच गेले आणि लंडनहून दुसरी प्रत पाठवावी लागली.

हिस्लॉप मात्र कैद होऊन सुटला. आपल्याकडे त्याचं नाव वेगळ्या संदर्भात येतं. 21 डिसेंबर 1817ला महिदपूरला होळकरांच्या फौजेसमोर उभा राहिला तो हाच, आणि फेब्रुवारी 1818मध्ये खानदेशातल्या थाळनेरच्या किल्लेदाराला ज्याने फासावर चढवलं तोही हाच. कागद जळाले आणि माणूस वाचला. मराठी बाजूने पाहिलं तर उलटं झालं असतं तरी चाललं असतं.

ज्या फ्रिगेटचे नकाशे जळाले ते पुढे मुंबईत बांधलं गेलं. त्याचं नाव ‘त्रिंकोमाली’. आज ते इंग्लंडच्या ईशान्य किनाऱ्यावर हार्टलपूलला पाण्यावर उभं आहे. तरंगत्या अवस्थेतल्या जगातल्या जुन्या युद्धनौकांमध्ये त्याचा नंबर दुसरा लागतो, आणि पहिला लागतो ‘कॉन्स्टिट्यूशन’चा. ब्रिटिश नौसेनानी नेल्सनचं ‘व्हिक्टरी’ दोघांहून जुनं, 1765चं. पण ते 1922पासून कोरड्या गोदीत टेकूंवर आहे, त्यामुळे या हिशेबात ते धरत नाहीत.

‘मुंबईचं सागवान बघा, दोनशे वर्षं टिकलं’ असा या गोष्टीचा सारांश आपल्याकडे काढला जातो. वाडियांचा आणि मुंबईच्या गोदीचा अभिमान वाटायला हरकत नाही, मलाही वाटतो. पण प्रकरण तारखांसकट मांडलं की लाकडाचं उत्तर निम्म्यातच अडकतं. त्याच लाकडाची, त्याच गोदीतली, त्याच हातांनी घडवलेली दुसरी जहाजं आज कुठे आहेत, हा प्रश्न मग टाळता येत नाही.

आधी लाकडाचंच पाहू. नेपोलियनशी चाललेल्या युद्धांत इंग्लंडच्या नौदलाला ओक पुरेना. एका मोठ्या युद्धनौकेला हजारोंच्या संख्येने पूर्ण वाढलेली झाडं लागत आणि ओक तसा व्हायला शंभर वर्षं जातात. मुंबईत मात्र मलबारी सागाची सोय होती, कोरडी गोदी होती आणि सुरतेहून 1736मध्ये आलेल्या लवजी नसरवानजी वाडियांच्या घराण्याची तिसरी-चौथी पिढी कामावर होती. 1810मध्ये त्यांनी 74 तोफांचं ‘मिंडेन’ बांधून दिलं तेव्हा नौदलाची खात्री पटली.

सागाचा गुण कुठल्याही सुताराला ठाऊक असतो. जुन्या वाड्याचं दार रंध्याखाली घातलं की वरची काळपट पुटं निघतात, आतून मधाच्या रंगाचं लाकूड दिसतं आणि दीडशे वर्षांनंतरही हाताला किंचित तेलकट लागतं. ते तेलच पाणी आणि कीड दूर ठेवतं. जहाजासाठी त्याचा आणखी एक उपयोग होता. ओकमधल्या आम्लाने लोखंडी बोल्ट खाल्ले जातात, बोल्ट गंजला की भोक सैल होतं, भोकात पाणी शिरतं आणि तिथून कुज सुरू होते. सागात बोल्ट पिढ्यान्‌पिढ्या घट्ट राहतो. लाकडी जहाज मधल्या फळीवर मरत नाही, सांध्यावर मरतं. त्यामुळे हा फरक दिसतो त्याहून मोठा.

दुसऱ्या बाजूला सागात वाळूसारखे कण असतात, त्यांनी हत्यारांची धार जाते. खलाशांची तक्रार आणखी वेगळी होती. समुद्रावरच्या लढाईत माणसं तोफेच्या गोळ्याने जितकी मरत त्याहून जास्त, गोळा लागून उडणाऱ्या लाकडाच्या ढलप्यांनी जखमी होत. सागाची ढलपी घुसली की जखम चिघळते, असं ब्रिटिश खलाशी ठामपणे मानत. ‘त्रिंकोमाली’ला ही परीक्षा कधी द्यावीच लागली नाही, कारण मोठ्या लढाईत ते कधी उतरलंच नाही.

या लाकडाची किंमत मलबारच्या जंगलाने मोजली. 1806मध्ये ईस्ट इंडिया कंपनीने कॅप्टन वॉटसन नावाच्या अधिकाऱ्याला तिथे जंगलांचा कॉन्झर्व्हेटर नेमलं. संवर्धनाशी त्याचा संबंध नावापुरता होता. सागाची मक्तेदारी कंपनीकडे आणणं हे त्याचं खरं काम. जमीनमालकांचा स्वतःच्या झाडावरचा हक्क गेला, तक्रारींचा ढीग झाला, आणि शेवटी 1823मध्ये मद्रासचा गव्हर्नर थॉमस मन्रो याने ती पद्धत मोडीत काढली. तोवर किनाऱ्याजवळचा, ओढ्यानदीतून सहज वाहून आणता येणारा मोठा साग बराचसा संपला होता. 1840च्या दशकात निलांबूरला सागाची लागवड करावी लागली, ती याच तुटवड्यातून. ‘त्रिंकोमाली’ या वॉटसनच्या काळातलं जहाज आहे. त्याच्या फळ्यांत ते जंगल आहे.

आता बांधणी. वाडिया घराण्यातले जमशेटजी बोमनजी तेव्हा गोदीचे मुख्य जहाजबांधणीकार होते. 1816च्या एप्रिलात त्यांनी ‘अँफिट्राइट’ नावाचं फ्रिगेट पाण्यात सोडलं आणि त्याच महिन्याच्या 25 तारखेला त्याच आराखड्याच्या ‘त्रिंकोमाली’चा कणा मांडला. कणा मांडताना पारशी रिवाजाप्रमाणे अक्षरं कोरलेला चांदीचा खिळा त्यात ठोकला. तो ठोकल्याशिवाय जहाजाला बरकत नाही, अशी समजूत होती. इंग्रज अधिकारी या समारंभांना हजर राहत. त्यांना त्यात काय वाटे कोण जाणे, पण खिळा अडवण्याचा शहाणपणा कुणी केला नाही.

12 ऑक्टोबर 1817ला जहाज पाण्यात गेलं. इंग्लंडमध्ये जहाज उतारावर बांधून घसरवत समुद्रात सोडायची पद्धत होती. मुंबईत ते कोरड्या गोदीत बांधत, आणि दारं उघडून भरतीचं पाणी आत घेतलं की जहाज आपोआप उचललं जाई. त्यासाठी उधाण लागतं. त्या दिवशी अमावास्या होऊन एक-दोन दिवसच झाले होते, म्हणजे भरती जोराची. ससून डॉकला किंवा भाऊच्या धक्क्यावर उधाणाच्या दिवशी उभं राहिलं तर पाणी पायऱ्या कशा गिळत वर येतं ते दिसतं. मुंबईच्या जहाजबांधणीचं अर्धं यंत्र तेच होतं.

तारीख आणखी एका कारणाने लक्षात ठेवण्याजोगी आहे. त्यानंतर बरोबर 24 दिवसांनी, 5 नोव्हेंबरला खडकीची लढाई झाली आणि पेशवाईच्या शेवटाला सुरुवात झाली. मुंबईच्या गोदीत त्या महिन्यात घाई असणारच, पण ‘त्रिंकोमाली’चा त्या युद्धाशी काडीचा संबंध आला नाही. ते इंग्लंडला पाठवण्यासाठी बांधलेलं होतं. आपल्या जवळचं युद्ध त्याच्या अंगावरून गेलं.

जहाज किती मोठं? तोफांचा डेक 150 फूट, रुंदी 40 फुटांना थोडी कमी, माणसं तीनशेच्या वर. मुख्य डेकवर अठरा पौंडी गोळ्याच्या 28 तोफा. खर्च सुमारे 23 हजार पौंड. आराखडा ब्रिटिश नव्हताच. 1782मध्ये पकडलेल्या ‘हेबे’ या फ्रेंच फ्रिगेटवरून तो उतरवलेला होता, म्हणजे जहाज पाण्यात गेलं त्याच दिवशी त्याचा आराखडा पस्तीस वर्षांचा झाला होता. दरम्यान वॉटर्लूला नेपोलियनचा पराभव होऊन गेला होता. अमेरिकेच्या चोवीस पौंडी तोफांच्या फ्रिगेटपुढे अठरा पौंडी फ्रिगेट टिकत नाही, हे ‘जावा’च्या प्रकरणातच दिसलं होतं. ‘त्रिंकोमाली’ जन्मतःच जुनं होतं, आणि लढायला समोर कुणी उरलं नव्हतं.

म्हणून पुढे जे झालं त्यात आश्चर्य नाही. 1818च्या ऑक्टोबरात कप्तान ब्रिजेसच्या हाताखाली ते मुंबईहून निघालं. श्रीलंकेतल्या ज्या बंदराचं नाव घेतलं होतं त्या त्रिंकोमालीला गेलं, मग मॉरिशस, मग सेंट हेलेना. तिथे लाँगवुडला कैदेत असलेल्या नेपोलियनवर उपचार केलेला एक डॉक्टर जहाजावर चढला. 30 एप्रिल 1819ला ते पोर्ट्समथला पोचलं. या प्रवासाचा खर्च 6,600 पौंड, म्हणजे बांधणीच्या पावपटीहून जास्त. आणि पोचल्यावर डोलकाठ्या उतरवून, डेकवर छप्पर घालून ते बाजूला नांगरून ठेवलं. हे ठेवणं 26 वर्षं चाललं.

सगळ्या प्रकरणात मला सर्वांत महत्त्वाची वाटतात ती ही 26 वर्षं, जरी त्यांत काहीच घडलेलं नाही. लाकडी जहाजाला दोन गोष्टी मारतात. एक समुद्र, कारण लाटांवर सांगाडा सतत पिळला जातो आणि सांधे हलतात. दुसरं म्हणजे पावसाचं गोडं पाणी, कारण ते डेकमधून झिरपून आतल्या कोंदट हवेत बुरशी आणतं. खारं पाणी त्यामानाने मित्रच. छपराखाली, शांत बंदरात, खाऱ्या पाण्यावर उभ्या असलेल्या सागवानी सांगाड्याला यांपैकी काहीच छळत नव्हतं. ओकचं जहाजही असं ठेवत, पण त्याची डागडुजी चुकत नसे. सागाचं जहाज विसरून गेलं तरी चालत होतं.

1845ला आठवण झाली. वाफेची जहाजं आली होती, तरी जगभर पसरलेल्या ठाण्यांना स्वस्त गस्तीजहाजं हवीच होती. ‘त्रिंकोमाली’च्या जुन्या तोफा काढून कमी पण जड तोफा बसवल्या, मागचा भाग नव्या पद्धतीने गोलाकार केला आणि कागदोपत्री दर्जा उतरवून त्याला कॉर्व्हेट केलं. नाळेवर नवी मूर्ती बसली, ती फेटा बांधलेल्या पुरुषाची. मुंबई न पाहिलेल्या कारागिराने कल्पनेने बांधलेला फेटा आहे तो. कुणा पुणेकराने पाहिला तर गाठ कुठे मारली आहे यावरून वाद घालेल.

यानंतर जहाजाची खरी नोकरी. 1847 ते 1850 कप्तान वॉरेनच्या हाताखाली उत्तर अमेरिका आणि वेस्ट इंडीजच्या ठाण्यावर. ही चाकरी म्हणजे गस्त, निरोप पोचवणं, न्यू फाउंडलंडच्या मासेमारीच्या पाण्यावर लक्ष ठेवणं. दोन वर्षं विसावा. मग 1852 ते 1857 कप्तान वॉलेस हौस्टनबरोबर पॅसिफिकला.

पॅसिफिकलाच का? तिथे कोळसा मिळत नव्हता म्हणून. वाफेच्या जहाजाला हजार मैलांवर कोळशाचा साठा लागतो. केप हॉर्नच्या पलीकडे तो क्वचित मिळे आणि मिळाला तरी सोन्याच्या भावाने. त्यामुळे नौदलाने जुनी शिडाची जहाजं तिकडे लोटली. मुंबईतच 1821ला बांधलेलं ‘गँजेस’ 1857नंतर त्या ठाण्याचं ध्वजनौका होतं, आणि परदेशी ठाण्यावर ध्वज फडकवणारं ते शिडाचं शेवटचं मोठं जहाज ठरलं. म्हणजे मुंबईच्या सागाला म्हातारपणी काम मिळालं ते कोळशाच्या टंचाईमुळे.

1854ला ‘त्रिंकोमाली’ अलास्काच्या पोर्ट क्लॅरेन्सपर्यंत गेलं. सर जॉन फ्रँकलिनची आर्क्टिकमध्ये हरवलेली मोहीम शोधणाऱ्या जहाजांना रसद द्यायची होती. मलबारचं लाकूड बेरिंगच्या बर्फाळ पाण्यात. त्याच वर्षी क्रिमियाच्या युद्धामुळे रशिया पॅसिफिकमध्येही शत्रू झाला. रशियाच्या पेत्रोपावलोव्स्क बंदरावरचा ब्रिटिश-फ्रेंच ताफ्याचा पहिला हल्ला फसला. पुढल्या वर्षी ताफा पुन्हा गेला तेव्हा रशियनांनी गाव आधीच रिकामं केलं होतं. पॅसिफिकमधलं ते युद्ध असंच होतं, अंतरं प्रचंड आणि लढाई थोडी.

ज्या एका कामात ‘त्रिंकोमाली’चा धाक खरोखर वापरला गेला, ते काम अभिमानाने सांगण्यासारखं नाही. 1856च्या उन्हाळ्याच्या शेवटी व्हँकूव्हर बेटाचा गव्हर्नर जेम्स डग्लस या जहाजावरून सुमारे चारशे खलाशी आणि सैनिक घेऊन मूळनिवासी कॉविचन लोकांच्या मुलखात शिरला. तिथल्या एका माणसाने गोऱ्या वसाहतकारावर गोळी झाडली होती. त्याला पकडलं, जागेवरच खटला चालवला आणि त्याच्याच लोकांसमोर फाशी दिलं. आज कॅनडाच्या त्या किनाऱ्यावरच्या एका सामुद्रधुनीला त्रिंकोमाली चॅनल म्हणतात, शेजारच्या वाटेला हौस्टन पॅसेज. तिथे सहलीला जाणाऱ्या मराठी मंडळींनी पाटीवर ते नाव वाचलं तर ते श्रीलंकेतून थेट आलेलं नाही, मुंबईत बांधलेल्या जहाजावरून आलंय, एवढं लक्षात असू द्यावं. आणि त्या चारशे माणसांचंही.

सप्टेंबर 1857ला जहाज परतलं आणि समुद्रावरची चाकरी संपली. पहिली तीन वर्षं आणि दुसरी पाच. उरलेली सगळी वर्षं नांगराला.

इथे ‘अँफिट्राइट’ पुन्हा आणायला हवं. तेच लाकूड, तोच आराखडा, तेच जमशेटजी, दीड वर्षाचं अंतर. तेही 1850च्या दशकात पॅसिफिकला होतं. प्रयोगशाळेत जोडीचा नमुना ठेवतात तसा हा जोडीचा नमुना इतिहासाने आपल्याला फुकट दिला आहे. ‘अँफिट्राइट’ 1875ला मोडीत गेलं. सागाने त्याला वाचवलं नाही, कारण त्याला मोडायचा निर्णय लाकडाच्या अवस्थेवरून झालाच नसेल. चांगल्या सागाला तर भंगारात जास्त भाव येतो.

मुंबईच्या बाकी जहाजांचीही हीच कथा. तांब्याच्या पत्र्यांची वाट पाहणाऱ्या ‘कॉर्नवॉलिस’वर 29 ऑगस्ट 1842ला नानकिंगचा तह झाला, हाँगकाँग ब्रिटिशांकडे गेलं ते या तहाने. पुढे त्या जहाजाचा शिअरनेसला धक्का केला, लोक त्यावरून चालत राहिले, आणि 1957ला तोडलं. 1824चं ‘एशिया’ नवारिनोच्या लढाईत ॲडमिरल कॉड्रिंग्टनचं जहाज होतं, 1908ला गेलं. ‘गँजेस’ 1930ला. 1815चं ‘वेलस्ली’ तर थेम्स नदीत प्रशिक्षणनौका म्हणून सव्वाशे वर्षांचं होऊन उभं होतं. सप्टेंबर 1940मध्ये जर्मन विमानाचा बॉम्ब पडून ते बसलं. ज्याच्या जन्माच्या वर्षी वॉटर्लू झालं, ते जहाज विमानाच्या बॉम्बने गेलं. लाकूड सगळ्यांचंच टिकाऊ होतं. एकही आज नाही.

मग ‘त्रिंकोमाली’च का? माझं उत्तर असं की दर वेळी त्याला आधीपेक्षा खालचं काम मिळत गेलं, आणि ते काम करायला ते पुरेसं लहान होतं. 74 तोफांचं धूड नुसतं जागा अडवून बसतं. फ्रिगेट एखाद्या लहान बंदरात सहज मावतं आणि थोड्या माणसांत सांभाळता येतं.

1859मध्ये कायदा होऊन ब्रिटनने व्यापारी जहाजांवरच्या खलाशांचं राखीव दल उभं केलं. या माणसांना वर्षातून काही आठवडे तोफखान्याची कवायत द्यायची, आणि त्यासाठी बंदरात नांगरलेलं, तोफा असलेलं जहाज हवं. ‘त्रिंकोमाली’ आधी संडरलंडला, मग 1862 ते 1877 वेस्ट हार्टलपूलला, नंतर साउदॅम्प्टनला हे काम करत राहिलं. 1895ला तेही संपलं. 19 मे 1897ला नौदलाने ते मोडीत विकलं. ऐंशी वर्षं पुरी व्हायला पाच महिने कमी होते.

एरवी प्रकरण इथेच बंद व्हायचं. पण दुसऱ्याच जहाजाला झालेला अपघात मध्ये आला. व्हीटली कॉब नावाच्या श्रीमंत गृहस्थाने नेल्सनचं जुनं जहाज ‘फूद्रॉयां’ भंगारवाल्यांच्या हातून सोडवलं होतं. त्या जहाजावर मुलांना खलाशी करायची त्याची योजना. खर्च भरून निघावा म्हणून तो ते बंदरोबंदर प्रदर्शनाला फिरवत होता. 16 जून 1897ला ब्लॅकपूलच्या किनाऱ्यावर वादळात ते फुटलं. म्हणजे ‘त्रिंकोमाली’ भंगारात गेल्यावर महिन्याभरात. मुलं होती, पैसा होता, जहाज नव्हतं. कॉबने ‘त्रिंकोमाली’ विकत घेतलं, दुरुस्त केलं आणि बुडालेल्या जहाजाचं ‘फूद्रॉयां’ हे नाव त्याला दिलं.

त्यानंतरची जवळपास नव्वद वर्षं जहाज दुसऱ्याच्या नावाने जगलं. आधी फॅल्मथ, 1930च्या दशकापासून पोर्ट्समथ. मुलं हॅमकवर झोपत, वल्ही मारायला शिकत, डेक घासत. शेजारी ‘इम्प्लॅकेबल’ हे ट्रफाल्गरच्या मोहिमेत पकडलेलं फ्रेंच जहाज असे. त्याची अवस्था बिघडत गेली, दुरुस्तीचा खर्च कुणी उचलेना, आणि 1949च्या डिसेंबरात सरकारने ते समुद्रात नेऊन बुडवलं. ‘फूद्रॉयां’ मात्र लहान आणि सागाचं, म्हणून परवडलं. लाकडाचा उपयोग इथे झाला असं मला वाटतं. सागाने जहाज वाचवलं असं म्हणण्यापेक्षा, सागाने निर्णय पुढे ढकलणं स्वस्त केलं. ओकचं जहाज दर पंधरा-वीस वर्षांनी मालकाला ‘दुरुस्त कर नाहीतर मोड’ असं विचारतं. हे जहाज विचारतच नव्हतं.

1986ला विचारलं. मुलांना राहायला ते सुरक्षित राहिलं नव्हतं. पुढच्या वर्षी ते बार्जवर चढवून हार्टलपूलला नेलं. जागा निवडली ती आठवणीपायी नव्हे, जरी शंभर वर्षांपूर्वी तिथे त्याने पंधरा वर्षं काढली होती. हार्टलपूलचा जहाजबांधणीचा धंदा 1960च्या दशकातच बसला होता. पण तिथे ‘वॉरियर’ या लोखंडी युद्धनौकेचं आठ वर्षांचं पुनरुज्जीवन 1987मध्येच पुरं झालं होतं आणि ते जहाज पोर्ट्समथला गेलं होतं. हात तयार होते, गोदी रिकामी होती. पोर्ट्समथहून एक म्हातारं जहाज आलं आणि पोर्ट्समथला दुसरं गेलं, दोन्ही एकाच उन्हाळ्यात.

काम 1990 ते 2001 असं अकरा वर्षं चाललं. खर्च साडेदहा दशलक्ष पौंड, मूळ 23 हजारांशी तुलना करायच्या फंदात पडायला नको. 1992ला जुनं नाव परत दिलं. साठ टक्क्यांहून जास्त लाकूड मूळचंच निघालं, आणि त्यातलं बरंचसं जिथे होतं तिथेच ठेवता आलं.

‘मग बाकीचं चाळीस टक्के नवं, तर ते तेच जहाज का?’ असा प्रश्न कुणीतरी विचारतोच. आपल्याकडे कोकणातल्या होड्यांचं असंच असतं. फळी बदलते, कणा बदलत नाही, होडीचं नाव तेच. जुन्या युद्धनौकांचंही तसंच धरतात. फरक एवढाच की जितकं मूळ लाकूड उरतं तितकी पुढच्या अभ्यासकाला माहिती मिळते : कुऱ्हाडीचा मार कुठे, तासणीचा कुठे, खिळा कोणत्या कोनात.

आणि इथे वयाचा पहिला नंबर असलेल्या जहाजाकडे एकदा बघावं लागतं. ‘कॉन्स्टिट्यूशन’ बॉस्टनला आहे, अजून अमेरिकन नौदलाच्या पटावर आहे, त्याच्यावर गणवेशातले खलाशी चाकरी करतात. अमेरिकन ओकचं बांधलेलं, पाण्यात उतरलेलं 1797ला, म्हणजे ‘त्रिंकोमाली’हून वीस वर्षं मोठं. इतक्या वेळा दुरुस्त झालंय की त्याच्यातलं मूळ लाकूड आज दहा-पंधरा टक्क्यांच्या आसपास उरलं आहे, तेही मुख्यतः तळाच्या कण्याजवळ. ‘जावा’वरचे नकाशे ज्याच्या माणसांनी जाळले त्या जहाजाला मान मोठा मिळाला. लाकूड मात्र त्या नकाशांच्या दुसऱ्या प्रतीवरून बांधलेल्या जहाजाचंच जास्त उरलं.